मिक्सर, व्हॅन आणि चाळीस लाख

बजाजनगरहून एका वाचकाचं पत्र आलंय. बरंच लांब आहे, म्हणून कापून-छाटून त्यांच्याच शब्दांत देते.

‘ताई, नमस्कार. वय ३७. वाळूजला एका व्हेंडर कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, कायम आहे. दोन खोल्या भाड्याने, भाडं ७ हजार. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. मुलगा पाच वर्षांचा. गाव पाटोदा तालुक्यात, आई-वडील तिथंच, तीन एकर कोरडवाहू. पगार हातात ३४ हजार. आठवड्यात चार दिवस संध्याकाळी अडीच-अडीच तास आणि दर रविवारी पूर्ण दिवस ओव्हरटाइम करतो, त्याचे १२ हजार येतात. दोन वर्षांपूर्वी ठरवलं की साधं राहायचं, कर्ज काढायचं नाही, पैसा साठवायचा. गावी देतो ते ३ हजार धरून सगळा खर्च २२ हजारांत बसवलाय. महिन्याला २४ हजार शिल्लक. आजवर ६ लाख ८० हजार जमले. पंचेचाळिसाव्या वर्षी ४० लाख झाले की नोकरी सोडायची, गावी जायचं आणि पोराबाळांना वेळ द्यायचा. पण घरात कुणाची साथ नाही. मेहुणा हसतो, “दाजी, पैसा वर न्यायचाय का?” म्हणतो. बायको पहिल्यांदा हो म्हणाली होती, आता बोलतच नाही. बोलली तर एवढंच की तुम्हाला वेळ मिळेल तेव्हा पोरं घरात नसतील. माझं चुकतंय का? तिला कसं समजावू?’

भाऊ, पत्रासोबत हिशेबाच्या वहीच्या चार पानांचे फोटो पाठवलेत, ते फार बरं केलंत. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. माणूस तोंडाने काय सांगतो ते अर्ध्या कानाने ऐकायचं आणि पासबुक नीट वाचायचं, ही सवय काही जात नाही. तेव्हा तुमची वही पत्रापेक्षा जास्त वेळ वाचली.

आधी जे चांगलं आहे ते. हप्त्यांच्या रकान्यात चारही पानांवर आडवी रेघ आहे. ना मोबाइलचा हप्ता, ना गाडीचा, ना भिशीची उसनवारी. वाळूज पट्ट्यात पगारदार माणसाची अशी वही मी फार कमी पाहिलीय. मेहुणे फ्लॅट घ्या म्हणून मागे लागलेत असं लिहिलंय. पंचवीस लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता बसतो २१ हजार ७०० च्या आसपास, आणि फेड होते एकूण ५२ लाखांची. आज तुमचा सगळा संसार २२ हजारांत चालतोय. त्या हप्त्यानंतर तुम्हाला रात्रपाळीही नाकारता आली नसती. तुम्ही नाही म्हणालात, बरोबर केलंत. मेहुण्यांचा विषय माझ्यापुरता इथंच संपला.

आता वहीतल्या तीन ओळी. जून महिन्यात ‘स्कूल व्हॅन बंद – ९०० वाचले.’ त्याच पानावर ‘धुणंभांडीवाली बंद – १२००.’ आणि ऑगस्टपासून सलग ‘मिक्सर दुरुस्ती – पुढच्या महिन्यात.’ तीन महिने झाले, तो पुढचा महिना काही उगवला नाही. तुम्ही पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिलंय की आता आमच्याकडे चटणी खलबत्त्यात होते, चवही वेगळीच लागते. कांडतं कोण, हे मात्र लिहिलेलं नाही.

व्हॅनचाच हिशेब करू. शाळा घरापासून पंचवीस मिनिटांवर, असं तुम्हीच लिहिलंय. वहिनी मुलीला सोडायला जातात, परत येतात, पुन्हा आणायला जातात, परत येतात. दिवसाचे शंभर मिनिटं. शाळेचे चोवीस दिवस धरले तर महिन्याचे चाळीस तास. नऊशे भागिले चाळीस, म्हणजे तासाला साडेबावीस रुपये. लग्नाआधीपासून त्या ब्लाउज शिवायच्या, व्हॅन बंद होईपर्यंत गल्लीतल्या बायका येत होत्या, असं पत्राच्या शेवटी एका ओळीत आलंय. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई २५० रुपये, हाही तुमचाच आकडा. सरावलेल्या हाताला एक ब्लाउज शिवायला तीन तास धरा, म्हणजे तासाला ऐंशीच्या वर. ऐंशीचं काम बंद पाडून तुम्ही साडेबावीस वाचवलेत आणि त्याला काटकसर म्हणून वहीत नोंद केलीत. बँकेत असं व्हाउचर माझ्याकडे आलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे काटकसर पुरुष ठरवतो आणि ती होते बायकांच्या अंगावरून, हे इतकं अंगवळणी पडलंय की दिसतही नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आमची आई लातूरकडच्या एका रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात मिलोची लाल भाकरी, आणि कामावर मिळणारी सुकडी ती पदरात बांधून आम्हाला आणायची. आम्ही सगळे जेवलो की ती तव्यावर उरलेला कोर खायची आणि म्हणायची, मला भूकच नव्हती. त्या काटकसरीत कुणाची निवड नव्हती, आभाळानेच लादलेली होती. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही स्वतः विचार करून, वही घालून निवडलीत. पण घरात ती फक्त तुम्हीच निवडलीय. तुमच्या बायकोवर आणि पोरीवर ती बहात्तरसारखीच येऊन पडलीय. पोरीचा वाढदिवस ‘यंदा नाही’ असं लिहिलंय, त्या ओळीपुढे किती वाचले तो आकडाही नाही. त्या दिवशी तुम्ही कामावर होतात का? रविवार होता, म्हणून विचारते.

बरं, आता चाळीस लाखांकडे येऊ. जमतील का? जमतील. महिना २४ हजार, सात टक्के व्याज, आठ वर्षं. आणि आजचे ६ लाख ८० हजार त्याच दराने वाढू दिले, तर बेचाळीस लाखांच्या पुढे जातं. त्यावर तुम्ही हिशेबात धरायला विसरलात तो पीएफ वेगळा. तुमच्या पगारातून मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या बारा टक्के कापले जातात, मालकाच्या वाट्यातलाही काही भाग तुमच्या खात्यात पडतो, आणि अलीकडची दोन-तीन वर्षं त्यावर सव्वाआठ टक्के व्याज मिळालंय. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, टाकून पासबुक एकदा उघडून बघा.

पण ते पुरतील का, हा वेगळा प्रश्न. गावात भाडं नाही, म्हणून आजच्या भावाने महिन्याला १५ हजारच धरू. महागाई सहा टक्के धरली तर आठ वर्षांनी तेच २४ हजार होतात. वर्षाचे झाले २ लाख ८७ हजार. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट साठले की नोकरी सोडा, असा हिशेब तुम्ही मोबाइलवर पाहिलाय. तो जरी लावला तरी ७२ लाख होतात, चाळीस नाही. आणि ती पंचवीस पट आली कुठून? १९९४ साली विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकेतल्या सल्लागाराने तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून मांडलेला हिशेब आहे तो, आणि तोही तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. तुम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसणार, पुढची चाळीस वर्षं काढायची. त्यातच तुम्ही पंचेचाळीसचे व्हाल तेव्हा मुलगी सतरा वर्षांची असेल. बारावी, लातूरचे क्लास, हॉस्टेल, सगळं नेमकं त्याच वर्षी. तीन एकर कोरडवाहूवर हे भागत असतं तर तुमच्या वडिलांनी तुम्हाला वाळूजला कशाला पाठवलं असतं!

म्हणजे पंचेचाळीसला पूर्ण मोकळं व्हायचं स्वप्न या आकड्यांत बसत नाही. वाईट वाटेल, पण आज कळलेलं बरं. मात्र याच वहीत दुसरी एक गोष्ट आहे, ती तुमच्या नजरेतून सुटलीय. तुमचा पगार ३४ हजार, खर्च २२ हजार. ओव्हरटाइमचा एक रुपयाही घरात लागत नाही! तुमच्या शेडमधल्या किती जणांना असं म्हणता येईल? सुपरवायझरने रविवारी ये म्हटल्यावर बाकीचे हप्त्याकडे बघून मान हलवतात. तुम्ही नाही म्हणू शकता. ज्या मोकळेपणासाठी तुम्ही आठ वर्षं थांबायला निघालात, त्यातला बराचसा दोन वर्षांच्या काटकसरीने तुमच्या हातात आलाय. तुम्ही तो वापरत नाही, एवढंच.

जरा आणखी आकडे. संध्याकाळचे महिन्याला चाळीस तास, रविवारचे बत्तीस, मिळून बहात्तर तास आणि १२ हजार. तासाला १६६ रुपये. तुमचा नेहमीचा पगार तासावर आणला तर १६३ पडतो. म्हणजे तुम्हाला जादा कामाचे सिंगल दराने पैसे देतायत. कारखान्यातल्या कामगाराला ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, १९४८ च्या कारखाने कायद्यापासून हे चालत आलंय. कंपनीत भांडायचं की नाही ते तुम्ही आणि तुमचे सोबती बघा, नोकरी तुमची आहे. पण घरातला रविवार देऊन बदल्यात काय मिळतंय ते तरी माहीत असावं.

माझं म्हणणं असं: रविवार बंद करा. सगळे. संध्याकाळचं काम हवं तर चालू ठेवा. उत्पन्न ४० हजार ७०० वर येईल. व्हॅन लावा, कामवाली बाई परत बोलवा, विम्याचे हजार बाजूला काढा (त्यावर पुढे लिहिते). खर्च २५ हजार १०० होईल. तरी साडेपंधरा हजारांच्या वर उरतात. त्याच सात टक्क्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी साधारण एकतीस-बत्तीस लाख. अकरा लाख कमी, मान्य. बदल्यात ४१६ रविवार. मुलगी आज नऊची आहे. यातले दीड-दोनशे रविवार ती तुमचा हात धरून यायला तयार असेल. पुढचे तिच्या मैत्रिणींचे.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतेय असं समजू नका. १९९६ साली मला बढती मिळाली ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाखेत. दोन वर्षांचा प्रश्न, घर बांधायचंय, म्हणून गेले. मुलगा सात वर्षांचा, त्याला सासूबाईंकडे ठेवला. शनिवारी रात्री एसटीने यायची, रविवारी संध्याकाळी परत. पहिल्या वर्षी येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, रजा मिळाली नाही. आमच्याकडे त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात. कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, आंबील, उंडे. मी शनिवारी पोचले तर पोराने दप्तरातून कागदात गुंडाळलेला बाजरीचा उंडा काढून दिला, माझ्यासाठी ठेवलेला. दगड झाला होता. मी पाण्यात भिजवून खाल्ला. त्या दोन वर्षांच्या जादा पगारातून आम्ही बैठकीला मार्बल बसवला. आता हिवाळ्यात त्यावर पाय टेकवत नाही, म्हणून वर सतरंजी अंथरलीय.

असो. एका गोष्टीवर मात्र मी नुसता सल्ला देत नाही, अक्षरशः हात जोडते. ६ लाख ८० हजारांपैकी ४ लाख एका मल्टिस्टेट पतसंस्थेत बारा टक्क्यांनी ठेवलेत, असं शेवटच्या पानावर आहे. तुम्ही बीड जिल्ह्याचे, तुम्हाला मी काय सांगावं? गेल्या काही वर्षांत आपल्याकडे बंद शटरसमोर पावत्यांची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी राहिलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऊसतोडीचे पैसे, पोरीच्या लग्नाचे, जमीन विकलेले. बँक बुडाली तर एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. सहकारी बँकांनाही असतं. फेब्रुवारी २०२० आधी ते १ लाखच होतं. पतसंस्थेला, मल्टिस्टेट असो की गल्लीतली, हे संरक्षण नाही. पाटीवर ‘भारत सरकार नोंदणीकृत’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सरकार पैसे परत देईल असा होत नाही. नऊशे रुपयांची व्हॅन बंद करणारा माणूस चार लाख असे ठेवतो, हे मला झेपत नाही. मुदत संपण्याची वाट बघू नका. मुदतीआधी मोडली तर व्याज किती कापतात ते उद्याच विचारा, कापू द्या, पैसे काढून आणा. बँकेत नाहीतर पोस्टात ठेवा, आणि निम्मे वहिनींच्या नावाने.

त्यातलेच थोडे मुलीच्या सुकन्या समृद्धीत टाका. खातं मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं आणि ती नऊची आहे, तेव्हा पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तुमच्या वहीत पुढचा महिना काय करतो ते मी पाहिलंय. सध्या व्याज ८.२ टक्के आहे, वर्षाला किमान २५० भरले तरी खातं चालू राहतं, आणि अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्मी रक्कम काढता येते.

विमा. ‘टर्म इन्शुरन्स – पैसे परत मिळत नाहीत, वायफळ’ असा शेरा मारलाय तुम्ही. हेल्मेटचे तरी पैसे कुठं परत मिळतात? तुमच्या वयाला, तंबाखू नसेल तर, पन्नास लाखांच्या साध्या टर्म पॉलिसीला महिन्याला हजाराच्या आसपास पडतील. तोवर बँकेत जाऊन सरकारच्या जीवनज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये भरून या. वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत.

लग्नकार्यांबद्दल थोडं. भावकीच्या लग्नांना जाणंच सोडलंय, कारण आहेर. आहेर कमी करा, बस्त्याला जाऊ नका, जीप करून मिरवत जाऊ नका, मानपानाचे टोपी-टॉवेल तर बंदच झाले पाहिजेत. पण शंभराची नोट आणि दोन्ही पोरं घेऊन पंगतीला जा. उद्या गावात राहायचं म्हणताय ना? रात्री-बेरात्री वडिलांना बीडला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी कोण काढणार आहे?

आता तुमचा खरा प्रश्न, बायकोला कसं समजावू. समजावायचं काही नाही. त्या पहिल्यांदा हो म्हणाल्या होत्या, म्हणजे त्यांना साधं राहण्याचं वावडं नाही. एका रविवारी, कामावर न जाता, वही त्यांच्यापुढे ठेवा आणि पेनही द्या. कोणती ओळ खोडायची आणि कोणती परत लिहायची ते त्यांनी ठरवावं. त्या कदाचित तुमच्यापेक्षा जास्त कात्री लावतील, तुम्हाला न सुचलेल्या जागी. तुमचं मोबाइलवर शेअरचे व्हिडिओ बघायचं रिचार्ज महिन्याला ३४९ चं आहे, एवढं मी बघून ठेवलंय.

आणि मिक्सर. मोटर फिरते पण भांडं फिरत नाही, असं लिहिलंय, म्हणजे बहुतेक खालचं कपलर झिजलंय. शंभराच्या आतबाहेरचं काम आहे. त्याच रविवारी मुलीला गाडीवर पुढे बसवून दुकानात घेऊन जा.

पुढचं पत्र वहिनींना लिहू द्या. चार ओळी असल्या तरी चालतील.